पिंग जातो, फोटो चढत नाही: दर पावसाळ्यात परत येणारा नेटवर्कचा बिघाड

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की दुसरा ते लगेच कळेल. वायफायच्या कांड्या पूर्ण असतात. पिंग, म्हणजे पलीकडच्या यंत्राला मारलेली छोटी हाक, जातो, उत्तरही वेळेत येतं. यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर जातो. पण एखाद्या अर्जाला फोटो जोडायला घेतला की गोल फिरत राहतं आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं. एका लॅपटॉपवर साइट उघडते, शेजारच्यावर उघडतच नाही. दोन दिवस असं चालतं, मग आपोआप सगळं सुरळीत होतं. तुम्ही म्हणता सुटलं एकदाचं, आणि पुढच्या आठवड्यात तेच.

आमच्याकडे हे सलग तीन पावसाळे झालं. लालबागला मंडळाची अभ्यासिका आहे. मंडळाचं कार्यालय जुन्या चाळीत तळमजल्यावर आणि अभ्यासिका गल्लीपलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. फायबर कार्यालयात येतं. प्रिंटर आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा संगणकही तिथेच. दोन गच्च्यांमधलं अंतर साठेक मीटर. गल्लीवरून केबल ओढायचा प्रश्नच नव्हता, कारण खालून मूर्ती जाते आणि आडव्या वायरी आम्हीच दरवर्षी लोकांना काढायला लावतो. म्हणून दोन्ही गच्च्यांवर पाच गिगाहर्ट्झचे रेडिओ समोरासमोर लावले. ते पडले तर सोय म्हणून अभ्यासिकेत एक फोरजी राउटर ठेवला आणि त्यावरून कार्यालयापर्यंत टनेल, म्हणजे इंटरनेटच्या आतून जाणारी खासगी वाट, बांधलं. म्हणजे फायबर, वायफाय, गच्चीवरचा रेडिओ, फोरजी आणि साधी इथरनेट केबल, एवढे पाच प्रकार एका नेटवर्कमध्ये आले.

जोडणी मीच केली होती, आणि ती करताना एक हट्ट धरला होता: सगळं मिळून एकच नेटवर्क हवं. अभ्यासिकेतल्या लॅपटॉपला वाटलं पाहिजे की आपण कार्यालयातल्याच स्विचला लागलो आहोत. प्रिंटर आपोआप दिसावा, एकाच डीएचसीपीकडून (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) पत्ते मिळावेत. त्यासाठी दोन्हीकडे लिनक्सची एकेक छोटी पेटी ठेवली. रेडिओ आणि टनेल हे दोन्ही मार्ग त्या पेट्यांमध्ये ब्रिज केले, म्हणजे एकाच स्विचला लागल्यासारखे जोडले. रेडिओ चालू असेल तर टनेलचा मार्ग बंद ठेवायचा आणि रेडिओ पडला की उघडायचा, हे काम स्पॅनिंग ट्री या जादा वाट बंद ठेवणाऱ्या सोयीवर सोपवलं. कागदावर झकास दिसत होतं.

पावसावर खापर

तक्रारी जूनमध्ये सुरू व्हायच्या, त्यामुळे सगळ्यांनी पावसाला दोष दिला. मीही दिला. पण पाच गिगाहर्ट्झला साठ मीटरवर पाऊस जवळजवळ काहीच करत नाही. मुसळधार पावसातही सिग्नल जेमतेम ढळतो. किलोमीटरभर अंतर असतं आणि साठ गिगाहर्ट्झचे रेडिओ असते, तर गोष्ट निराळी.

खरं कारण गच्चीवर गेल्यावर दिसलं. मेच्या शेवटी चाळीच्या गच्चीवर बांबू उभे राहतात आणि वर निळी ताडपत्री चढते. ती ताडपत्री आमच्या अँटेनासमोर दीड हातावर होती. वारा नसेल तेव्हा ती खाली पडून राहायची आणि लिंक ठणठणीत असायची. वारा सुटला की ओलं प्लास्टिक फुगून बरोबर अँटेनासमोर यायचं आणि लिंक पडायची. वारा थांबला की परत उभी. रेडिओच्या दोन टोकांमध्ये नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवती एक लांबट फुगवटा मोकळा लागतो. साठ मीटरच्या लिंकला मध्यावर त्याची त्रिज्या साधारण ९० सेंटीमीटर भरते. आमचा पाइप गच्चीच्या कठड्याला चिकटून होता. तो चार फूट उंच केला आणि लिंक पडणं पुष्कळ कमी झालं.

पण पुष्कळ कमी म्हणजे बंद नव्हे. आणि मूळ प्रश्न वेगळाच होता. रेडिओ पडला तर टनेल आहे ना? मग मुलांना त्रास का व्हावा?

ती संध्याकाळ

जुलैतली गोष्ट. एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरत बसली होती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख.

“दादा, फोटो चढतच नाहीये. मोबाइलच्या नेटवर लगेच चढतो.”

“साइट उघडते का?”

“उघडते ना. ओटीपी पण आला. फोटोलाच अडतं.”

फोटो होता ४० केबीचा. तिला मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दिला, अर्ज गेला. पण “साइटच गंडलीय” हे आजवर दिलेलं उत्तर त्या दिवशी मला स्वतःलाच पटेना. ओटीपी येतो, म्हणजे नेट आहे. फोटो अडतो, म्हणजे लहान ते जातंय आणि मोठं ते अडतंय.

मुलं गेल्यावर पेटीला लॅपटॉप लावला, रेडिओची केबल काढली आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय ते पॅकेट पकडून पाहिलं. मुलांच्या बाजूच्या पोर्टवर १५१४ बाइटची एक फ्रेम आली. १५०० बाइटचं पॅकेट, वर इथरनेटचे १४. थोड्या वेळाने तीच पुन्हा आली, तोच क्रमांक. मग दुप्पट वेळाने पुन्हा, मग चौपट. लॅपटॉप बिचारा तेच पॅकेट परत परत पाठवत होता. टनेलच्या बाजूच्या पोर्टवर यातलं एकही दिसत नव्हतं. लहान पॅकेटं मात्र इकडून तिकडे सुरळीत जात होती. पेटी मोठं पॅकेट घेत होती आणि टाकून देत होती, आणि त्याबद्दल कोणालाही काही सांगत नव्हती.

हिशोब

इथरनेटवर आयपीचं, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नियमांनुसार बांधलेलं, पॅकेट १५०० बाइटपर्यंत जातं. आमचं टनेल वायरगार्ड या सॉफ्टवेअरचं. त्याचं आवरण आयपीव्ही४ वर ६० बाइटचं आणि आयपीव्ही६ वर ८० बाइटचं असतं. म्हणून तो आपली मर्यादा मुळातच १४२० धरतो. पण वायरगार्ड इथरनेटच्या फ्रेम नेत नाही, फक्त आयपी पॅकेट नेतो. मला तर अख्खं इथरनेट पलीकडे न्यायचं होतं. म्हणून त्याच्या आत व्हीएक्सलॅन, म्हणजे इथरनेटची फ्रेम आयपी पॅकेटात गुंडाळणारं आवरण, घातलं होतं. ते आणखी ५० बाइट खातं. उरले १३७०.

म्हणजे रेडिओवरून १५०० जात होतं आणि टनेलवरून १३७०. लॅपटॉपला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण ‘तू एकाच स्विचला लागला आहेस’ असं मीच त्याला पटवलं होतं. व्हीएक्सलॅनच्या नियमातच लिहिलंय की टोकाच्या यंत्राने पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत. त्यामुळे मावलं नाही तर ते टाकलं जातं.

आता यूट्यूब का चालायचं तेही उलगडतं. ते क्विक या पॅकेट पाठवण्याच्या नव्या पद्धतीवर चालतं. क्विक १२०० बाइटच्या पॅकेटने सुरुवात करतं आणि पुढचा आकार चाचपून वाढवतं. काही मोठे सर्व्हर तर आपलं पॅकेट पोहोचत नाही हे ओळखून स्वतःच लहान पॅकेटं पाठवू लागतात, त्यामुळे पान रडतखडत का होईना येतं. आपला लॅपटॉप तसं करेलच असं नाही. लिनक्समध्ये ही सोय मुळात बंदच असते. म्हणून येणारं येतं आणि जाणारं अडतं.

जुन्या लॅपटॉपवर साइट उघडते आणि नव्यावर नाही, हे कोडं मला सगळ्यात जास्त दिवस छळत होतं. २०२४ च्या एप्रिलपासून डेस्कटॉपवरचं क्रोम सुरक्षित जोडणीच्या पहिल्याच संदेशात क्वांटम संगणकापुढे टिकेल अशी चावी पाठवतं. ती चावी एकटीच ११८४ बाइटची असते. त्यामुळे आधी एका लहान पॅकेटात मावणारा पहिला संदेश आता १५०० च्या पुढे जातो. जुना ब्राउझर लहान संदेश पाठवून आत शिरायचा आणि नवा दारातच अडायचा. मुलांना वाटायचं नवीन लॅपटॉपच खराब आहे. एकाने तर तो दुरुस्तीला टाकला होता.

तुमच्याकडे हेच आहे का, ते कसं पाहायचं

पिंग साधा पाठवू नका. साधा पिंग इतका लहान असतो की तो कुठूनही निसटतो. त्याला ‘तुकडे करू नको’ असं सांगून आकार वाढवत न्या. विंडोजमध्ये पिंगपुढे हायफन एफ, मग हायफन एल आणि आकडा. लिनक्सवर हायफन मोठा एम, त्यापुढे डू, मग हायफन एस आणि आकडा. मॅकवर हायफन मोठा डी आणि हायफन एस. दिलेल्या आकड्यात २८ मिळवले की पॅकेटचा खरा आकार मिळतो. म्हणून १४७२ म्हणजे पूर्ण १५००. त्यापुढे तुमचा संगणकच नकार देतो.

आमच्याकडे रेडिओ चालू असताना कार्यालयापर्यंत १४७२ जात होतं. केबल काढली की १३४२ जायचं आणि १३४३ ला शांतता. १३४२ अधिक २८, बरोबर १३७०. मधला आकडा शोधायला एकेक वाढवत बसू नका. १२०० आणि १४७२ च्या मध्यावर मारा, गेलं तर वरचा अर्धा, नाही गेलं तर खालचा. आठ-नऊ वेळा केलं की सापडतं.

आकड्याइतकंच उत्तर कसं येतं तेही बघा. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं उत्तर आलं, तर वाटेतला कोणीतरी राउटर शहाणा आहे आणि तुम्हाला मर्यादा सांगतोय. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर पॅकेट कुठेतरी गुपचूप मेलं. घातक आहे ते हे दुसरं.

एक चाचणी बाहेरच्या पत्त्यावरही करा. फायबर पीपीपीओई पद्धतीचं (राउटरमध्ये नाव-पासवर्ड घालून जोडायचं) असेल तर तिथे १४६४ पर्यंतच जाईल, कारण पीपीपीओई ८ बाइट घेतं आणि १४९२ उरतात. हा बिघाड नाही. बहुतेक राउटर त्याची काळजी स्वतः घेतात.

डीएनएस बदलणं, राउटर बंद-चालू करणं, कॅशे साफ करणं, हे सगळं आम्ही करून पाहिलं होतं. राउटर बंद-चालू केल्यावर बरं वाटायचं खरं, पण तेवढ्यात वारा थांबलेला असायचा.

ब्रिज मुका असतो

इथे जरा थांबून सांगतो, कारण गोम इथेच आहे.

वेगवेगळ्या जातीची नेटवर्कं जोडायची कशी, हा प्रश्न आयपीच्या जन्माचाच प्रश्न आहे. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडणी केली ती यासाठीच. केबलवरचं नेटवर्क वेगळं, रेडिओवरचं वेगळं, उपग्रहावरचं वेगळं. प्रत्येकाचा वेग वेगळा, पॅकेटचा आकारही वेगळा. त्यांनी सगळ्यांना एका साच्यात कोंबलं नाही. प्रत्येक नेटवर्क जसं आहे तसं राहू दिलं आणि दोघांच्या वेशीवर गेटवे बसवला. १९७७ च्या २२ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फिरणाऱ्या व्हॅनमधल्या रेडिओपासून निघालेली पॅकेटं उपग्रह आणि अर्पानेट (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क) अशा तिन्ही नेटवर्कांतून जाऊन पोहोचली. त्या गेटवेलाच आज आपण राउटर म्हणतो.

राउटरला पॅकेट आयपीचं आहे हे कळतं, पाठवणारा कोण तेही कळतं. पुढची वाट अरुंद असेल तर तो मागे निरोप धाडतो: माझ्याकडून १४२० च जाईल, लहान करून पाठव. हा निरोप आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत), तिसरा प्रकार, चौथा कोड. त्यावरून वाटेचा आकार ओळखायची रीत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरली. ब्रिजला यातलं काही येत नाही. तो फक्त फ्रेम इकडची तिकडे करतो. मावली नाही तर टाकतो, आणि कोणाला सांगावं हे त्याला माहीतच नसतं.

म्हणून दोन्ही बाजूंचा आकार सारखा असेल तिथे ब्रिज उत्तम. आकार बदलतो, माध्यम बदलतं, भरवसा बदलतो, तिथे राउटरच हवा. मी साठ मीटरच्या अंतरावर नेमकं याच्या उलट करून ठेवलं होतं.

ब्रिजचे आणखी दोन त्रास याच कामात भेटले. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटात टीटीएल असतो, प्रत्येक राउटरवर एकाने कमी होतो, शून्य झाला की पॅकेट संपतं. फ्रेम मात्र दोन वाटा एकदम उघड्या मिळाल्या की गोल गोल फिरतच राहते. ते टाळायला स्पॅनिंग ट्री. पण ते जुन्या पद्धतीचं असेल तर वाट बदलायला ३० ते ५० सेकंद घेतं. ताडपत्री दर दोन मिनिटांनी हलत असेल तर बराचसा वेळ त्यातच जातो.

दुसरा त्रास रेडिओ बदलल्यावर आला. एक रेडिओ पाणी शिरून गेला, त्याजागी हाताशी होता तो दुसरा साध्या क्लायंट मोडमध्ये लावला. लिंक जुळली, पेटीला पत्ता मिळाला, मुलांच्या एकाही लॅपटॉपला नाही. वायफायच्या नेहमीच्या फ्रेममध्ये तीनच पत्त्यांची जागा वापरात असते, त्यामुळे क्लायंटच्या पाठीमागे बसलेल्या यंत्रांचा पत्ता त्यात मावत नाही. पाठीमागे अख्खं नेटवर्क असेल तर दोन्ही टोकांना चार पत्त्यांची पद्धत, म्हणजे डब्ल्यूडीएस, चालू करावी लागते. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या रेडिओंचं त्यावर जमेलच असं नाही.

शेवटी काय केलं

आधी मलमपट्टीचा विचार केला. प्रत्येक लॅपटॉपवर हाताने आकार कमी करणं चाळीस मुलांच्या अभ्यासिकेत शक्य नाही. डीएचसीपीतून आकार सांगता येतो, पण विंडोज तो मानत नाही. म्हणून मुळालाच हात घातला.

ब्रिज मोडला, व्हीएक्सलॅन काढून टाकलं. कार्यालयाला १९२.१६८.१० ची पत्त्यांची मालिका ठेवली, अभ्यासिकेला १९२.१६८.२० ची दिली. अभ्यासिकेतली पेटी आता राउटर आहे आणि मुलांना पत्ते तीच देते. रेडिओ ही तिची पहिली वाट, फोरजी दुसरी. रेडिओ पडला की मुलांचं इंटरनेट सरळ फोरजीवरून बाहेर जातं, कार्यालयाला वळसा घालत नाही. टनेलवरून फक्त प्रिंटर आणि प्रश्नपत्रिका. शिवाय टनेलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटात भरायच्या मजकुराची कमाल मर्यादा) १३८० ला बांधला, म्हणजे निरोप हरवला तरी मोठं पॅकेट तयारच होणार नाही. आयसीएमपी कुठेही अडवायचं नाही. सुरक्षेच्या नावाखाली लोक ते सरसकट बंद करतात, आणि मग शहाणा राउटरही मुका होतो.

यात चार गोष्टी हमखास राहून जातात. आमच्या चारही राहिल्या होत्या.

रेडिओची हवेतली लिंक तुटली तरी त्याचा इथरनेट पोर्ट चालूच दिसतो. त्यामुळे नुसतं ‘पहिली वाट, दुसरी वाट’ लिहून भागत नाही. पेटी दर पाच सेकंदांनी पलीकडच्या पेटीला पिंग करते, तीन हुकले की वाट बदलते. परतताना मात्र सलग दोन मिनिटं लिंक टिकली तरच परत येते. ताडपत्रीचा इलाज हाच.

परतीची वाट. कार्यालयाच्या राउटरला सांगावं लागतं की २० ची मालिका कार्यालयातल्या पेटीमागे आहे. नाहीतर पॅकेट जातं आणि उत्तर येत नाही. त्याच राउटरच्या नॅटमध्येही (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारी सोय) ही मालिका घालावी लागते.

प्रश्नपत्रिकांचा संगणक विंडोजचा. त्याचा फायरवॉल फाइल शेअरिंगला स्वतःच्याच मालिकेतले पत्ते आत घेतो. दुसरी मालिका हाताने घालावी लागली.

आणि प्रिंटर आपोआप दिसणं बंद झालं. तो शोध आपल्या मालिकेच्या बाहेर जातच नाही. प्रिंटरला कायमचा पत्ता दिला आणि तो कागदावर छापून भिंतीला लावला. कार्यवाह काकांना हे आवडलं नाही. “आधी आपोआप यायचं की रे,” म्हणाले. आधी आपोआप यायचं हे खरं. पण फोटो चढत नव्हते.

एक तोटा उरला आहे तो सांगून ठेवतो. वाट बदलली की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो, आणि त्या क्षणी कोणी अर्ज भरत असेल तर काही साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. ते टाळायचं तर सगळं टनेलमधूनच न्यावं लागेल, म्हणजे पुन्हा कार्यालयाचा वळसा आणि आवरणामुळे फोरजीचा डेटाही थोडा जास्त. मी लॉगिन परत करणं पत्करलं. शेवटच्या तारखेला हे मुलांना आधीच सांगतो.

सगळं झाल्यावर भर पावसात रेडिओची केबल हाताने काढली. एका मुलाच्या लॅपटॉपवरून दोन एमबीची पीडीएफ चढवली, चढली. मग विंडोजवरून कार्यालयातल्या संगणकाला ‘तुकडे करू नको’चा पिंग १३९२ ने पाठवला, उत्तर आलं. एकाने वाढवून १३९३ केला. या वेळी शांतता नव्हती. १९२.१६८.२०.१ कडून, म्हणजे आमच्याच पेटीकडून, लगेच ओळ आली: पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड.